नूतनबाईंचा गळा

आदरणीय पांडुरंगदादा, बमरोलीहून योगराजचा रामराम.

वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमची साखर आटोक्यात असावी. आम्ही तिघं खुशाल आहोत (पत्रात असंच लिहितात, म्हणून लिहिलं).

तुमच्या बहिणीची गाठ गेली, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. छाया आता गळ्यावरच्या भोकातून श्वास घेते आणि त्यावर मलमलचा रुमाल बांधते (सुरतेत कापडाला तोटा नाही, एवढंच नशीब). पण इथल्या खान्देशी घरांत हळदीची गाणी म्हटली की छायाबाईच लागतात. लोकांना नाही म्हणणं मला जमेना. तेव्हा गायत्रीने (तुमची भाची आता गुजरातीत भांडते, मराठीत फक्त जेवते) लॅपटॉपमध्ये गाणारं सॉफ्टवेअर घातलं. त्यात जांभळ्या केसांच्या मुलीचं चित्र आहे. आपण शब्द आणि सूर भरायचे, ती गाते. दम लागत नाही, चहा मागत नाही. गायत्रीने तिचं नाव नूतन ठेवलं.

फक्त तिला ळ येईना. छायाने रचलेल्या गाण्यात नवरीच्या ‘गळ्यात माळ’ पडते, नूतनबाईंनी ‘गल्ल्यात माल’ टाकला. मी हसलो (कापडबाजारात गाणं चाललं असतं). छाया हसली नाही. तिने लेकीसमोर तोंड उघडलं आणि जीभ मागे वळवून दाखवली, ळ कसा निघतो ते. जीभ बरोबर वळली. आवाज आला नाही. गायत्री म्हणाली, “समजी गई, मम्मी,” आणि न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर मात्र आवाजाचे तुकडे जोडजोडून तिने ळ जमवला.

सुरतेजवळच्या सचिन गावात योगिता नावाच्या मुलीची हळद होती. गायत्रीची परीक्षा, म्हणून पडद्यामागे लॅपटॉप घेऊन छायाच बसली. बाहेर स्पीकर आणि मी. नवरीच्या घरच्यांनी छायाला कधी पाहिलं नव्हतं; त्यांना सांगितलं, गाणाऱ्या नूतनबाई लाजाळू आहेत, पडद्याआडूनच गातात. गाणं असं रंगलं की बायका हळद लावायची सोडून नाचायला लागल्या. तेवढ्यात नवरीची आई मालतीबाई गाणारणीची ओटी भरायची म्हणून ताट घेऊन निघाल्या. मी आडवा गेलो, पण लेकीच्या हळदीत आईला कोण अडवणार? पडद्यामागे शिरून त्यांनी छायाचा हात धरला.

“काय गोड गळा गं बाई तुझा!”

स्पीकरवर दुसरं कडवं चालू होतं आणि छायाचं तोंड मिटलेलं होतं. मालतीबाई किंचाळल्या, “अगं माय! ही तोंड मिटून गाते!” कुणीतरी पडदा ओढला. मी सगळं सांगितलं. बायकांचा नाच थांबला. नूतनबाई तेवढ्या गात राहिल्या, कारण त्यांना कुणी थांबवलंच नव्हतं. एक म्हातारी कुजबुजली (माझ्याच कानाशी), भोक पडलेल्या गळ्याची ओटी शुभकार्यात भरतात का? मालतीबाई बावरल्या. ताट तर मागे नेता येईना. शेवटी त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि खण त्याच्यावर ठेवला.

छायाचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. दादा, ती हसत होती की रडत होती ते मला अजून कळलेलं नाही. दोन्हीला आता आवाज नाही. मग तिने खण बाजूला सारला आणि लॅपटॉप मिटला. उरलेली हळद बायकांनी कशीबशी स्वतःच गाऊन उरकली.

तेव्हापासून नूतनबाईंसाठी फोन येतात. एकाने तर बाराव्याच्या भजनाला येतील का, असं विचारलं. छायाची तब्येत कुणी विचारत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
योगराज

ता. क. – खरं काम राहिलंच. तुमच्या पल्लवीच्या लग्नाच्या व्हिडिओत छाया गायली आहे. तो गायत्रीला पाठवा. ती म्हणते, त्यातून मम्मीचाच आवाज बनवता येईल. छायाला अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक ता. क. – दादा, मी छाया. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. व्हिडिओ पाठवू नकोस. मी बोलत नाही म्हणून तू फोन करायचं सोडलंस. माझे कान शाबूत आहेत. फोन लाव, काहीही बोलत राहा. मध्येमध्ये मी नखाने टकटक करीन.