गाडीला आरसे

८ डिसेंबर १९९८, मंगळवार

आज मेलो असतो! पण लिहितोय, म्हणजे जिवंत आहे.

मुरबाडला शिक्षकांची मीटिंग होती. जना माहेरी गेलेली, म्हणून गाडीवर एकटाच. परत येताना सरळगाव सोडलं, आमच्या फाट्याला नेहमीसारखी गाडी उजवीकडे वळवली — आणि अंगावर एकदम गरम वारा आला. बघतो तर एस.टी. गुडघ्याला टेकलेली! ड्रायव्हरने ब्रेक करकचून दाबलेला, बस रस्त्यात तिरकी उभी. बिचारा खाली उतरला तेव्हा माझ्याहून जास्त कापत होता. म्हणाला, केव्हापासून हॉर्न मारतोय.

मला एकही हॉर्न ऐकू आला नव्हता.

कंडक्टर किन्हवलीचा चांगो, ओळखीचा. खिडकीतून म्हणाला, "महिपत गुरुजी, कानात बोळे घातलेत का काय?" सगळी बस हसली. मीही हसलो. विचारात होतो म्हटलं. विचारात कसला! रिकाम्या डोक्याने चाललो होतो.

९ डिसेंबर

कागदाला कसली लाज? लिहूनच टाकतो. मला ऐकू येत नाही.

डावा कान गेल्यातच जमा. उजवा आठ आणे. दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुट्टीत कल्याणला डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने कानामागे लावायचं मशीन दाखवलं — बोटाएवढं, गुलाबी. ते लावून वर्गात उभा राहिलो तर पोरं कविता म्हणतील की माझा कान बघतील? आणि ज्याला पाढे ऐकू येत नाहीत तो पाढे घेणार काय? हेडमास्तर व्हायला दोन वर्षं राहिली. गावात एकदा 'बहिरा गुरुजी' नाव पडलं की ते चितेपर्यंत सोबत येतं. नको म्हटलं.

जनाला सांगितलं होतं, दात दाखवायला गेलो होतो. तिने आठ दिवस नुसती पेज वाढली. गुमान प्यालो.

आजपर्यंत कोणालाही कळलेलं नाही. वर्गात मी पोरांच्या ओठांकडे बघतो. मीटिंगमध्ये पुढे बसतो. लग्नात बँडजवळ बसतो, तिथे सगळेच बहिरे. घरात तर अडचणच नाही — जना हल्ली फार मोठ्याने बोलते. वयाबरोबर बायकांचा आवाज चढतो म्हणतात.

पण रस्ता? रस्त्याला ओठ नसतात. कालचं पुन्हा झालं तर पुढची तारीख लिहायला मी नसेन.

उपाय एकच. गाडीला आरसे!

१० डिसेंबर

आरसे होते की! चौऱ्याण्णव साली गाडी घेतली तेव्हा कंपनीचे दोन आरसे तिला होते. पुतण्या शेखर बरोबर आलेला. पेढे वाटायच्या आत त्याने पाना मागितला आणि दोन्ही खोलून माझ्या हातात दिले. म्हणाला, आरसे लावून काका तुमी बायकांसारखे दिसाल. तेव्हा पटलं. इकडे सगळेच काढतात. नव्या गाडीला हार घालायचा आणि आरसे उतरवायचे, ही रीतच आहे.

एक आरसा तेव्हापासून पडवीच्या खांबाला. त्यात मी दाढी करतो. दुसरा चुलीशेजारच्या खिडकीत, जनाच्या कुंकवासाठी. आज ती माहेरून आली तेव्हा मागितला. शहापूरला पोलीस आरसे बघतात म्हणून थाप मारली. काही विचारलं नाही तिने. पदराने पुसून दिला आणि म्हणाली, "बरं सुचलं."

फुकट गेलं सगळं. खांबावरच्या आरशाची दांडी वाकलेली, दुसऱ्याचे आटे गंजलेले. दोन्ही पुन्हा आपापल्या जागी. नवीनच घ्यावे लागणार.

१३ डिसेंबर, रविवार

शहापूरला गेलो. एकट्याने निवांत जायचं ठरवलं होतं. पण पायताण घालतोय तोवर जना पिशवी घेऊन गाडीपाशी उभी! बांगड्या भरायच्यात म्हणाली. गेली दोन वर्षं हे असंच चाललंय. मी मुरबाड म्हणायचा अवकाश, हिचं मुरबाडला काम निघतं. शहापूर म्हटलं तर शहापूरला. लग्नाच्या नव्या नवलाईत कधी इतकी मागे लागली नव्हती.

आणि वर भित्री! मागून जीप आली की माझ्या खांद्यात बोट टोचते. ट्रक आला, टोच. डंपर आला की दोनदा टोच. मग मी आपला तिच्या समाधानासाठी गाडी कडेला घेतो. आज वाटेत सहा वेळा टोचलं. शर्टाला भोक पडेल एखाद दिवस.

शेखर शहापूरलाच राहतो. दुकानात तो भेटला. आरसे काढणारा तोच, आता निवडायलाही तोच. मी मोठे चौकोनी उचलले तर कपाळाला हात लावला. ते दूधवाले लावतात म्हणे! त्याने काढून दिले एवढेसे गोल, चांदीसारखे, आखूड दांडीचे. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. शेजारी पानटपरीवर उभा असलेला एक जणसुद्धा वळून बघत होता. घेतले.

जनाने आरशांकडे बघून तोंड वाकडं केलं. बांगड्या मात्र भरल्याच नाहीत. मनासारख्या मिळाल्या नाहीत म्हणे.

१६ डिसेंबर

तीन दिवस नवे आरसे वापरले. उजव्यात माझं उजवं कोपर दिसतं. डाव्यात डावं. बाकी काही नाही. पन्नास वर्षांत मला माझ्या कोपरांची एवढी माहिती कधी झाली नव्हती!

कोपर अंगाशी घेतलं की मागे बोटभर रस्ता दिसतो. पण तसं चालवताना मी आजारी कोंबडीसारखा दिसतो. शिवाय गाडी जरा पळायला लागली की आरसे थरथरतात. रस्ता, झाड, माणूस, सगळ्याची खिचडी.

पेंढ्याची बैलगाडी होती आज मागे. दिसली कधी? ती मला ओलांडून गेल्यावर! बैलांनी मला मागे टाकलं, इतका हळू चालवत होतो. भीती बसली आहे, दुसरं काय.

१७ डिसेंबर

शाळेत पायीच गेलो. गाडी बिघडली म्हणून सांगितलं. आणखी एक थाप.

२० डिसेंबर, रविवार

झालं! मिळाले! आधी हे लिहितो, मग जेवतो.

मुरबाडला भगीरथ मेकॅनिककडे गेलो. जना अर्थातच बरोबर — पायलीभर दळण घेऊन. जशी काय गावात गिरणीच नाही!

भगीरथनेही आधी शेखरसारखेच नखरेवाले काढले. एकाला तर खाली झिरमिळ्या होत्या. मी शरमेने ते हातात घेऊन बघत होतो. जना दुकानात शिरून त्याच्याशी काहीतरी पुटपुटली. पाणी मागितलं असेल. तो आत गेला तो पाणी न आणता वेगळेच आरसे घेऊन आला. काळे, लांबट, कोपरे गोलसर, दांडी लांब आणि बाहेर झुकलेली. मला गाडीवर बसवलं. स्वतः दहा पावलं मागे जाऊन उभा राहिला, मग डावीकडे सरकला, मग उजवीकडे. दिसतोय का, असं हातानेच विचारत होता. प्रत्येक वेळी दिसला! कोपर नाही, खांदा नाही — अख्खा भगीरथ!

मग जनाला मागे बसायला सांगितलं. तिने स्वतःच मान इकडे तिकडे करून विचारलं, "माझं डोकं आड येतं काय?" येत नव्हतं. फक्त डाव्या आरशाच्या कडेला तिच्या पदराचा काठ.

भगीरथने जाताना बजावलं की ह्या काचेत गाडी लांब दिसते, पण असते जवळ, तेव्हा दिसली की लगेच कडेला घ्या. मी हसलो. बहिर्गोल आरसा! प्रतिमा लहान आणि सुलटी! वीस वर्षं सातवीला शिकवतोय. वाहनांना लावतात, हा उपयोगही फळ्यावर लिहून देतो. स्वतः मात्र कोपरं बघत फिरत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

येताना तीन जीपा आणि एक ट्रक मागून आले. चारही मला आधी दिसले. चारही वेळा वेळेत कडेला घेतली. आणि जनाने एकदाही बोट टोचलं नाही. आरशांमुळे तिचीही भीती गेली असणार.

छातीवरचा धोंडा उतरला. आज किती दिवसांनी भूक लागली आहे!

२३ डिसेंबर

शेखर आला होता. आरसे बघून गाडीभोवती फेरी मारली. नाक मुरडणार असं वाटलं होतं. पण म्हणाला, "काका, एक नंबर! कुठून आणले?" म्हणजे कामाचे आणि दिसायलाही बरे. शेखरच्या तोंडून निघालं म्हणजे शिक्कामोर्तब.

२६ डिसेंबर

मागचा रस्ता इतका सुंदर असतो हे माहीत नव्हतं. धूळ खाली बसताना दिसते. मागे टाकलेली माणसं रस्ता पार करताना दिसतात. आज एस.टी. मागे आली, चांगोची. मी ऐटीत कडेला झालो आणि हात दाखवला. चांगोने खिडकीतून सलाम केला.

३ जानेवारी १९९९, रविवार

म्हशाच्या जत्रेला जाऊन आलो. एकटा!

सकाळी गाडी पुसून जनाची वाट बघत उभा होतो. ती पिशवी घेऊन येणार याची मला खात्री. तर आली रिकाम्या हाताने. येत नाही म्हणाली. दुखतंय खुपतंय का विचारलं, तर नाही. मग? तुमी जावा की, म्हणून आत गेली. म्हशाची जत्रा आणि जना येत नाही! लग्नापासून एकदाही चुकवली नव्हती.

जाताना गर्दी म्हणजे काय! ट्रक, टेंपो, बैलांचे जथे, जीपच्या टपावर माणसं. मागून येणारं सगळं आरशात एकेक करून दिसत होतं. एकदाही काळजात धस्स झालं नाही. जत्रेत बैल बघितले, भजी खाल्ली. एक घोंगडी घेतली. जनासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, शहापूरला मिळाल्या नव्हत्या म्हणून.

येताना मात्र सारखं डाव्या आरशाच्या कडेला लक्ष जात होतं. पदर नव्हता. दोन वर्षं कुरकुर केली आणि आज खांदा मोकळा मोकळा वाटला. माणसाचं काही खरं नाही.

४ जानेवारी

सकाळी बांगड्या दिल्या. विचारलं, जत्रेला का नाही आलीस? तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता आरसे लागले. आता मी कशाला? दोन वरसं तुमच्या पाठी बसून मागं बघून बघून मान आखडली माझी. गाडी डावीकडून आली का डावा खांदा, उजवीकडून आली का उजवा. तुमाला वाटलं, मी भिते?"

कधीपासून माहीत आहे, एवढंच विचारलं. म्हणाली, "दातासाठी कोणी कल्याणला जातं? म्हणून तर आठ दिवस पेज पाजली."

हसू आलं आणि डोळेही भरले. आता कोणाला थाप मारायची नाही. काय हलकं वाटतंय!

हे सगळं ती नेहमीच्याच आवाजात बोलली, आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. मग लक्षात आलं — ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. पूर्वी डावीकडे बसायची.