आडनाव दोनदा विचारलं

४ मे

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने लावतोस, म्हणून लिहायला बसलोय. बातमी चांगली आहे, पण मला ती पचत नाहीये.

ज्या कंपनीने जानेवारीतच इंटर्नशिप पक्की केली होती, तिने परीक्षा संपली त्याच दिवशी दोन ओळींत हात वर केले. कॉलेजचा नियम तुला माहीत आहे. उन्हाळ्यात कारखान्यात काम केल्याचा दाखला नसेल तर शेवटच्या वर्षात घेत नाहीत. मग काय, औद्योगिक वसाहतीत गेटागेटावर चपला झिजवल्या. एका पहारेकऱ्याला मी काहीतरी विकायला आलोय असं वाटलं. त्याने खुर्चीतूनच हात हलवला, उठलाही नाही.

शेवटी एका प्लायवूडच्या कारखान्यात खुद्द मालक भेटले. माझे मार्क त्यांनी बघितले नाहीत. फक्त आडनाव विचारलं. सांगितल्यावर पुन्हा एकदा विचारलं, आणि म्हणाले की उद्यापासून या. आता मला काचेची केबिन आहे. बाकीच्यांचा चहा ग्लासात येतो, माझा कपबशीत. काम मात्र शून्य. मेकॅनिकलच्या पोराने बघावं असं तिथे एकच यंत्र आहे, सगळ्या प्रेसना वाफ पुरवणारा बॉयलर. आणि नेमकं त्या शेडकडे वळलो की कुणीतरी खांद्यावर हात टाकून मला गोड गोड बोलत परत आणतं.

आईला काम मिळालं एवढंच सांगितलंय. बाबांना कुठे, काय ते अजून माहीत नाही. ते दहा प्रश्न विचारतील आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नाही. तूच सांग, यात काय शिजतंय? मामीला नमस्कार.

तुझा,
भुंगा


९ मे

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी मामी म्हणते की पोराला बसायला खुर्ची मिळाली तरी मामा-भाच्याच्या पोटात दुखतं. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी विम्याचे दावे तपासण्यात हयात घालवली. जो हसतमुखाने दोन-दोनदा चहा पाजायचा, त्याच्या गोदामाची राख मी अंमळ जास्तच उकरायचो, आणि सहसा वाया जायचं नाही.

फुकटची कपबशी कुणी कुणाला देत नाही, बाळा. तुझ्यात त्यांना काय दिसलं? अक्कल म्हणावी तर ती त्यांनी तपासली नाही. रूप म्हणावं तर ते तू तुझ्या आजोबांकडून उचललंयस, तेव्हा तोही प्रश्न निकालात निघाला. राहिलं आडनाव. ते काही तू कमावलेलं नाहीस. ज्याने कमावलं त्याचा विचार कर.

तुझ्या आधी त्या केबिनमध्ये कोण बसायचं ते विचारून घे. कशावरही सही करू नकोस. आणि शेडकडे जाऊ देत नाहीत म्हणून मुद्दाम भिंतीवरून उडी मारून जाऊ नकोस. लहानपणी माझा रेडिओ उघडलास तेव्हा निदान तो गरम नव्हता.

जेवणाची आबाळ करू नकोस. मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि लिहीत जा.

तुझा,
मामा


१५ मे

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा बाण बरोबर लागला. केबिनमध्ये माझ्या आधी कुणी बसतच नव्हतं. तिथे लाकडाचे नमुने ठेवलेले असायचे. मी येणार म्हणून रातोरात रिकामी केली म्हणे. आणि काल मॅनेजर पाठीवर थाप मारून बोलून गेले की वडिलांची कृपा आमच्यावर अशीच राहू द्या.

म्हणजे बाबांनीच शब्द टाकला होता. दुसरं काय असणार? बाबा बॉयलर तपासनीस, त्यांचा विभाग इथून लांब, पण या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. आईने माझं रडगाणं त्यांच्या कानावर घातलं असेल आणि त्यांनी मला न सांगता कुणाला तरी फोन केला असेल.

मामा, तुला एक सांगतो, हसू नकोस. मला राग यायला हवा होता. स्वतःच्या पायावर उभा राहिलो असं समजत होतो, आणि पाय निघाले बाबांचे. पण रागच आला नाही. मला कॉलेजात प्रवेश मिळत नव्हता तेव्हा तिथले प्राचार्य बाबांचे वर्गमित्र होते. तरी बाबा माझ्यासोबत रांगेत उभे राहिले आणि प्राचार्य समोरून गेले तेव्हा त्यांनी मान वळवली. त्या माणसाने माझ्यासाठी कुणाला तरी गळ घातली? काल होस्टेलवर परतताना मी चक्क शीळ घालत होतो.

हे त्यांना कळवू नकोस. त्यांनी लपवलंय तर लपलेलंच राहू दे. तुझा लोभ आहे तसाच राहो.

तुझा,
भुंगा


२२ मे

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमच्या बहिणीची पाठदुखी कमी आहे. पत्रास कारण वेगळंच आहे, आणि ते तिच्याशी बोलावं असं मला वाटत नाही.

आमचे एक सहकारी आजारी पडल्यामुळे गेल्या महिन्यात त्यांचा विभाग माझ्याकडे आला. कारखान्यांना तसं रीतसर कळवलं होतं. त्यात काल एका प्लायवूड कारखान्याची तपासणी होती. मी पोचताच मालकांनी एका काचेच्या केबिनमधून आमच्या चिरंजीवांना बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “साहेब, हे तर आमच्या घरचेच.”

मी मुलाला ओळख दिली नाही. बॉयलर आदल्या दिवशी थंड करून ठेवलेला होता, त्यात उतरलो. पत्रा हातोडीने वाजवून बघितला. दोन ठिकाणी आवाज बद्द येत होता, म्हणजे आतून झिजलेला. वर सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाचर ठोकलेली सापडली. वाफ वाया जाऊ नये म्हणून तिची वाटच बंद केली होती. दादा, बॉयलरच्या शेडच्या भिंतीला लागून प्रेस चालतात आणि प्रत्येक प्रेसवर माणसं असतात. मालक मला पुन्हा पुन्हा केबिनमध्ये चहाला बोलावत होते. मी बॉयलरला सील ठोकलं आणि निघालो.

परतताना एकच गोष्ट डोक्यात भुणभुणत होती. काम मिळवायला या मुलाने माझं नाव वापरलं का? माझ्याकडे हा विभाग आल्याचं त्याला कुठून कळलं? तो तुमच्याजवळ मोकळं बोलतो. वाईट असेल तरी खरं तेच लिहा.

आपल्या आशीर्वादाची गरज या वेळी जरा जास्त आहे.

आपला,
धाकटा मेहुणा


२७ मे

श्री. दाजींस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग तुमच्या वहिनीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं की या घरातल्या पुरुषांना एकमेकांशी बोलायला टपाल खातं लागतं. या वेळी मला वाद घालता आला नाही.

दाजी, मी शंकेखोर माणूस आहे, बायकोने चहात साखर जास्त घातली तरी कारण शोधतो. म्हणून माझ्या शब्दाला तुमच्या लेखी वजन असेल अशी आशा आहे. मुलाने तुमचं नाव घेतलेलं नाही. मालकाने आडनाव ऐकलं आणि पुढचा हिशेब स्वतःच जुळवला. तुमच्याकडे हा विभाग आल्याचं भुंग्याला ठाऊकच नव्हतं. उलट त्याची खात्री होती की तुम्हीच त्याच्यासाठी गुपचूप शब्द टाकलात. तुम्ही दोघांनी एकमेकांवर एकाच गुन्ह्याचा आळ घेतलात, आणि तो गुन्हा दोघांपैकी एकानेही केलेला नाही.

पुढचं लिहू नको असं तो म्हणाला होता, तरी लिहितो. तुम्ही त्याच्यासाठी वाकलात या कल्पनेने त्याला आनंद झाला होता. तुम्ही वाकलात म्हणून नव्हे, त्याच्यासाठी वाकलात म्हणून. परवा त्याचं पत्र आलं. तुमच्याबद्दल त्यात चारच ओळी. तुम्ही आत शिरलात, बाहेर आलात, गेलात, आणि त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शब्द टाकणाऱ्याचा चेहरा असा नसतो, एवढं त्याला तिथेच कळलं. त्याने लिहिलंय की बाबांनी काही केलं नव्हतं, मीच मूर्ख.

केबिन अर्थातच गेली. सील ठोकलं त्याच संध्याकाळी मालकांनी त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी एक वेल्डरबाई आपली माणसं घेऊन आल्या, तेव्हा हा गेटबाहेरच उभा होता. त्याने त्यांना गाठलं. बाईंनी विचारलं की अंधारात, अडचणीत जीव घाबरतो का. हा म्हणाला की माहीत नाही, शिरून बघतो. नाव विचारलं तर फक्त भुंगा सांगितलं. आता तो गंजक्या नळ्या ओढून काढतोय आणि कोपरं सोलून घेतोय. दाखला बाईंच्या वर्कशॉपचा मिळेल, कॉलेजला तो चालतो.

आता मला मधून वगळा. तुमचा लोभ मला हवाच आहे, पण सध्या तो दुसऱ्या पत्त्यावर पाठवा.

आपला,
मेहुणा


१ जून

चिरंजीवास,
अ. आ.

दादांचं पत्र आलं. तू माझं नाव घेतलंस असं मला वाटलं होतं. तुला न विचारता वाटलं.

तुझ्यासाठी मी कुणाकडे शब्द टाकला नव्हता, आणि पुढेही टाकणार नाही. त्याची आशा ठेवू नकोस. तुला आनंद झाला होता हे मात्र मला कळलं आहे, आणि ते कळल्यापासून माझं कामात नीट लक्ष नाही.

त्या दिवशी मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मालकाने ते बघितलं असतं. तुझा शर्ट निळा होता आणि वरचं बटण तुटलेलं होतं. आत पाठीवर पडून पत्रा वाजवत होतो तेव्हा माझ्या मनात हेच होतं की हा पत्रा फुटला असता तर शेडच्या भिंतीपलीकडे तुझी केबिन होती. काचेची.

तू त्या कामावर आहेस म्हणून दुरुस्तीनंतरची तपासणी मी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देऊन टाकली आहे. त्या वेल्डरबाईंना मी कामावरून ओळखतो. त्यांनी झाळलेला जोड मी आजवर एकदाही नाकारलेला नाही. हे त्यांना सांगू नकोस.

मी रविवारी तुझ्या होस्टेलवर येतो. तुझ्या आईला म्हटलं, या खेपेला एकटाच जातो. झिजलेला पत्रा आणि चांगला पत्रा यांच्या आवाजात फरक कसा असतो ते मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. तू आता आत शिरून ऐकला आहेस. तुला कसा ऐकू आला ते मला सांग. मध्ये बोलणार नाही.

कोपरांना मलम लाव. लोभ आहे.

तुझा,
बाबा