पित्ताच्या गोळ्या

माजलगाव
३ मार्च २००३

चि. सौ. मुक्तास, केशरअक्काचे अ. आ.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. कारखान्याच्या आरोग्य शिबिराच्या निमित्तानं का होईना, बहिणी बहिणी चार दिवस एकत्र राहिलो. तुझ्या छातीत जळजळतं ते साधं पित्त आहे. शिबिरात छातीची पट्टी, तो ईसीजी, काढला म्हणून काय, हल्ली सगळ्यांचाच काढतात. आमचे हे डॉक्टरांशी सगळं बोलले आहेत, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. शहादेव ड्रायव्हरच्या हाती पित्ताच्या गोळ्या पाठवते आहे, रोज एक न चुकता घे.

आमच्या जाऊबाई वत्सलाबाई, म्हणजे तुझ्या होणाऱ्या विहीणबाई, आत्तापासून शालूचे रंग काढून बसल्या आहेत. मुलगी तरतरीत, घराणं निरोगी, असं तुझ्या उर्मिलाबद्दल चारचौघींत सांगतात. त्यांच्या माहेरी एका मुलीची सोयरीक नुसत्या दम्याच्या कुजबुजीवरून मोडली होती, म्हणून त्या हे फार बघतात. वैशाखात बार उडवून टाकू.

महिला मंडळानं हृदयाच्या आजारावर बोलायला मलाच पुढं केलं आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्या दूध संस्थेत येते. पहिल्या रांगेत बसून हसू नकोस म्हणजे झालं.

माया आहेच, ती अशीच वाढू दे.
तुझी केशरअक्का

धर्मापुरी
२२ मार्च २००३

ति. सौ. अक्कास, मुक्ताचा सा. न. वि. वि.

आलीस काय, बोललीस काय, गाव जिंकून गेलीस. छाती आवळली, दुखणं जबड्यात नाहीतर डाव्या हातात उतरलं, घाम फुटला, तर बाईनं पित्त म्हणून सोडा पिऊन बसू नये, हे दगडाबाई धनगरीण मेंढरांमागं घोकत फिरते. मला तर वाटलं, अक्का माझंच सांगते आहे. म्हणून मागाहून तुला गाठून विचारलं. तू हसलीस आणि म्हणालीस की व्याख्यान ऐकलं की प्रत्येकीला तोच रोग होतो. जाणती बहीण म्हणते म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

इकडे पाण्याचे लई हाल आहेत. टँकर येईल तेव्हा येतो, विहिरीत गाळ उरला आहे. म्हशी आटल्या, संस्थेचे कॅन अर्धे रिकामे जातात. हंडे वाहून डावा हात भरून येतो. तुझ्या गोळ्यांचा गुण आला हो. जळजळ कमी झाली म्हणून उरलेल्यांतल्या निम्म्या शेजारच्या भिवराबाईला दिल्या, तिला माझ्याहून करपट ढेकर येतात. आपल्याकडे गोळी कुणी एकटं खातं का?

भावजींना नमस्कार. आठवण ठेवत जा.
तुझी मुक्ता

माजलगाव
२९ मार्च २००३

चि. सौ. मुक्तास, अ. आ.

पत्र मिळताच भिवराबाईकडून गोळ्या परत आण. तिला एकही देऊ नकोस आणि स्वतः एकही चुकवू नकोस. हंडा उचलायचा नाही, उर्मिलाला पाठव. का ते विचारू नकोस. लग्नात थकलेली दिसशील, एवढंच कारण समज. मी मोठी आहे, माझं ऐक. फोनवर बोलले असते, पण तुमच्या गल्लीत एकच फोन आणि ऐकायला सगळी आळी.

जपून राहा.
केशरअक्का

अंबाजोगाई
१७ एप्रिल २००३

ति. अक्कास, सा. न. वि. वि.

दवाखान्यातून लिहिते आहे. गोळ्या परत आणायला गेले तेव्हा संपल्या होत्या. भिवराबाईला त्या गोळ्यांनी भोवळ येत होती, ती बिचारी उन्हाला दोष देत होती. हंडेही बंद झाले नाहीत, उर्मिला एकटी किती वाहील? टँकरपाशी हंडा डोक्यावर घेतला आणि छाती अशी आवळली की खाली बसले. घामानं लुगडं भिजलं. बायका सोडा आणायला धावल्या. दगडाबाईनं त्यांना अडवलं. म्हणाली, हे पित्त न्हाई, काळीज हाय. तिनंच दुधाच्या टेम्पोतले कॅन उतरवायला लावले आणि मला त्यात घालून इथं आणलं.

काल भावजी भेटायला आले. इथल्या डॉक्टरांनी विचारलं की आधी कुठं दाखवलं होतं का. ते सहज बोलून गेले की शिबिरातल्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, हृदयाची नळी आकसली आहे, ओझं नको, औरंगाबादला न्या. आणि केशरला मी त्याच दिवशी कळवलं होतं, असंही म्हणाले. मी खाटेवर पडून ऐकत होते.

म्हणजे गोळ्या हृदयाच्या होत्या. दुखणं माझं होतं, आणि ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. अख्ख्या गावाला शिकवलंस आणि सख्ख्या बहिणीला फसवलंस, अक्का. परक्यानं केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केलंस म्हणून रडू थांबत नाही.

मुक्ता

माजलगाव
२१ एप्रिल २००३

चि. सौ. मुक्तास, अ. आ.

काय तोंडानं लिहू? पण उर्मिलाचं घर वसावं म्हणूनच केलं ग. जाऊबाईंच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक तिथंच तुटली असती. हे म्हणाले, वैशाखापर्यंत गप्प राहा, अक्षता पडल्या की औरंगाबादला नेऊ. गोळ्यांवर तेवढे दिवस निघतील असं वाटलं. तुझं पत्र आलं की उघडायला हात धजत नव्हता.

जाऊबाईंना मी उष्माघात सांगितला आहे. त्या तुला बघायला येणार आहेत. तूही तेच सांग. माझ्यासाठी नको, पोरीसाठी सांग.

राग सोड, माया सोडू नकोस.
केशरअक्का

धर्मापुरी
२ मे २००३

ति. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

मी तुझं ऐकलं नाही. परवा वत्सलाबाई आल्या, तेव्हा उर्मिलाच्या देखत सगळं सांगून टाकलं. सोयरीक मोडायची तर मोडा म्हणाले. उर्मिलाही म्हणाली की आईचं दुखणं लपवून मिळणारं घर मला नको.

वत्सलाबाई उठल्या. मग त्यांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं की तुमचं दुखणं जबड्यापर्यंत येतं का. त्यांना दिवाळीपासून तसंच होतं आहे. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. तुझी व्याख्यानं त्यांनी ऐकली आहेत, पण तोंड उघडलं नाही. का, तर मुलाची आई आजारी कळलं तर आम्ही पोरगी देणार नाही, असं त्यांना वाटलं. अक्का, तुझ्याच चुलीपाशी रोज तुझ्याबरोबर भाकरी थापणारी बाई छाती दाबून बसते, आणि तुला सांगायची तिला भीती वाटते.

लग्नाचं आम्ही दोघी विहिणी बघू. आधी त्यांना अंबाजोगाईला पाठव. शहादेव गाडी घेऊन येईल एवढं पुरे, मी आणि उर्मिला दवाखान्याच्या दारात थांबू. भावजी नकोत आणि तूही नकोस. डॉक्टर काय सांगतात ते वत्सलाबाई स्वतःच्या कानांनी ऐकणार आहेत. तुझ्या तोंडून आलेलं आता आम्हांला चालणार नाही.

मुक्ता