म्हसोबाच्या अंगावरची माती

मु. बोरवाडी, ता. खानापूर, जि. सातारा
फाल्गुन वद्य षष्ठी, सन १९४६

तीर्थस्वरूप आप्पासो दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा हरिबा याचा शिरसाष्टांग दंडवत. इकडं सगळी खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढं कळेलच. आमच्या आक्काच्या गुडघ्याला उतार पडला का? तुमचा खोकला कसा आहे? गेला असेल तर आनंद आहे, आणि नसेल तरी तुमचं बोलणं काही थांबत नाही हे मला ठाऊक आहे. कारण दाजी, आज माझी जी शोभा झाली आहे, ती सगळी तुमच्या बोलण्यामुळं.

माघात आमचा कृष्णात सहा वर्षांनी पलटणीतून घरी आला, त्याला भेटायला तुम्ही आलात. जेवलात, पान खाल्लंत आणि विहिरीखालच्या माझ्या पंधरा गुंठे माळावर जाऊन काठीनं दोन दगड उलथे केलेत. मग म्हणालात, ‘हरिबा, तळ्यातला गाळ आणून चार बोटं पसर. ऊस यील. आन् फुकटात हुतंय.’ (फलटणला पाटाच्या पाण्यावर बसलेल्या माणसाला सगळंच फुकटात होताना दिसतं.) हे तुम्ही कृष्णातच्या देखत बोललात. त्यानं संध्याकाळी भाकरी मोडता मोडता सांगितलं, ‘आबा, पाडव्यापातूर माळावर माती पडली तर मी हितंच ऱ्हातो. न्हाई तर रजा संपली की जातो आन् आनखी सही ठोकतो.’ त्याच्या आईचा घास हातातच राहिला. दाजी, एकुलता एक पोरगा लढाईतून धड परत आलाय. मला तो परत जायला नको आहे. म्हणून मी तुमचं ऐकलं.

पहिली युक्ती तुमची गाढवांची. कुंभाराची गाढवं दिवसभर मोकळी असतात, पाठीवर गोणी टाकल्या की काम झालं, असं तुम्ही कार्डावर लिहिलंत. बारा गाढवं आणली. तळ्यात उभं राहून कृष्णातनं आणि मी गोणी भरल्या, गाढवं हाकलली आणि आम्ही दुसऱ्या गोणी भरायला लागलो. आता त्या गाढवांचा जन्म गेला तळ्यातली माती कुंभाराच्या दारात न्यायला. ती माळाकडं कशाला जातील? सरळ कुंभारवाड्यात गेली आणि आपल्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिली. कुंभारीण बिचारी गोणी उतरवून घेत होती आणि रिकामी गाढवं परत येत होती, आणि आम्ही बापलेक जनावरं कशी वेळेवर येतात म्हणून कौतुक करत होतो. तीन दिवस. चौथ्या दिवशी माळावर गेलो तर माळ जसाच्या तसा, सरडासुद्धा आपल्या जुन्या दगडावर. कुंभाराला जाब विचारला तर तो म्हणतो, ‘मला वाटलं पोरगं सुखरूप आलं म्हून तुमी धर्म केला.’ वर कृष्णातच्या आईनं, आमच्या बनाबाईनं, पायलीभर जोंधळे घालून त्याच्याकडून दोन घागरी आणल्या. म्हणजे माझी माती माझ्या घरात आली, पण घागरी होऊन आणि जोंधळे देऊन आली.

मग तुमचं दुसरं कार्ड. इर्जिक घाल. सगळा गाव एक दिवस गाड्या-बैल घेऊन येतो, आपण फक्त जेवायला घालायचं. (हे ‘फक्त’ तुमच्याच कार्डावर आहे, मी जपून ठेवलंय.) रेशनचे दिवस, तरी मी दोन बोकडं कापली. तुम्ही बजावलं होतंत की इर्जिकीच्या दिवशी मालकानं रानात नव्हे, चुलवणापाशी बसावं, नाही तर रस्सा राहतो आणि मटण जातं. म्हणून मी पातेल्यापाशी बसलो आणि रानात कृष्णातला उभा केला. कुठल्या वावरात उतरायचं ते लांबून कळावं म्हणून माळाच्या कडेला वेळूला तांबडं फडकं बांधून दिलं. चाळीस गाड्या, पाच-पाच खेपा. हलगी वाजतीय, गाडीवान एकमेकांच्या पुढं काढतायत, धुरळा नुसता. मी पातेल्यापाशी बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, पोरगं राहिलं आपलं.

जेवणं आटोपली, लोक ढेकर देत गेले, मग मी रानात गेलो. माझ्या माळावर एक पाटी माती नाही. दोनशे गाड्या गाळ पलीकडच्या वावरात. आणि पलीकडचं वावर कुणाचं? ज्ञानूचं. माझ्या सख्ख्या चुलत्याच्या पोराचं, ज्यानं नांगरताना आमचा बांध वीतभर कोरला आणि ज्याच्याशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही. त्याच्या वावरात म्हसोबा आहे, म्हसोबाला तांबडं निशाण आहे, आणि तळ्याकडून येताना ते आधी लागतं. झालं. देव गळ्यापर्यंत मातीत, शेंदरी डोकं तेवढं वर. कृष्णात म्हणतो, ‘आबा, मी वरडत हुतो, पर हलगीत कुनाला ऐकू जातंय?’ त्या पोराला बोल लावून काय करू? पलटणीत माणसं हुकमानं वळतात, आमच्या गावचे गाडीवान कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाट्या-फावडी घेऊन गेलो, तर ज्ञानू बांधावर उभा. माझ्याशी बोलत नाही ना, म्हणून आपल्या बैलाला सांगतो, ‘देवाच्या अंगावर पडलेली माती देवाची. उचलंल त्याचं बरं हुनार न्हाई.’ मीही माझ्या बैलाला सांगितलं की बांध कोरताना ह्याचा देव कुठं गेला होता. मग गाव जमला. ज्यांनी आदल्या दिवशी माझं मटण दोन-दोनदा वाढून घेतलं त्यांनीच माना डोलावल्या, की व्हय, म्हसोबाची माती हलवता येत न्हाई. म्हातारा बिराप्पा त्यातल्या त्यात शहाणा. तो म्हणाला, माती हलत न्हाई तर वावरं बदला. त्याचंही पंधरा गुंठे, तुझंही पंधरा गुंठे. ज्ञानूनं बिराप्पाकडून निरोप धाडला की आपण कबूल आहोत, फक्त हरिबानं त्याच्या दारात जाऊन तोंडानं मागावं. शिवाय वावराबरोबर म्हसोबा माझ्याकडं येणार आणि त्याचं सालाचं बोकडही माझ्याच गळ्यात. मी त्याच्या दारात जाऊ? बांध त्यानं कोरला, माती त्यानं गिळली, आणि मागायला मी जाऊ? मी साफ नाही म्हणून सांगितलं.

तुमच्या ताज्या कार्डात लष्करातून मोडीत निघालेली लॉरी घ्यावी असं सुचवलं आहे. दाजी, हात जोडतो, आता कार्ड लिहू नका. टपालखात्यानं ते तीन पैशांना विकलं म्हणून ते लिहिलंच पाहिजे असं नाही. तुम्ही माझ्या मनातून पुरते उतरला आहात, आणि हे पत्र शेवटचं समजा. आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला, कधीकाळी आज्ञाधारक,
हरिबा

ता. क. आक्कासाठी बनाबाईनं सांडगे करून ठेवले आहेत. पोस्टानं चुरा होतील.

ता. क. दुसरा. तेव्हा सांडगे न्यायला तुम्हीच यावं हे बरं. येत्या शनिवारी या. पाडव्याला मोजून दहा दिवस राहिलेत आणि कृष्णातनं ट्रंक उन्हात ठेवलीय. ज्ञानू तुमचा शब्द मानतो. त्याला तुम्ही आपल्याच डोक्यानं सुचल्यासारखं सांगा, की हरिबा दारात येणार नाही, पण बांधापर्यंत येईल, तूही बांधापर्यंत ये. तोंडानं काय मागायचं ते मी तिथं मागेन. बोकडाचंही कबूल. मी सांगितलं असं कळू देऊ नका. आजपर्यंत तुमच्या डोक्यानं मी चाललो, एकदा माझ्या डोक्यानं तुम्ही चला. पत्र विट्याच्या पोस्टात टाकायला कृष्णातच नेतोय, म्हणून पाकीट खळीनं पक्कं चिकटवलं आहे.

मामांना कृष्णातचा रामराम. खळ ओली हुती, पाकीट उघडून वाचलं. शनिवारी या, आत्तीलाबी आना. मी रजेवर आलोय असं घरात सांगितलंय, पर मी नाव कापूनच आलोय. डिस्चार्जचा कागद ट्रंकेत तळाशी हाय. पाडव्यापातूर आबांना बोलू नका. माती चुकून पडली न्हाई. आबांचं फडकं मीच काढून ठेवलं आन् गाड्या मीच म्हसोबाकडं वळवल्या. इटलीत असताना मला दोन पत्रं यायची, एक आबांचं, एक ज्ञानूकाकाचं. आबा लिहायचे, ज्ञानूचा दमा कसा हाय ते त्याला इचारून मला कळव. काका लिहायचा, हरिबाची पाठ कशी हाय ते कळव. दोघांच्या मधी एक बांध, आन् मी समुद्रापलीकडनं दोघांना एकमेकांची खुशाली कळवीत हुतो. आता पत्रं लिहून हात दुखला.