केकवरची बाई

प्रिय माणिकप्पा,

हात सवयीनं ‘प्रिय’ लिहून गेला, म्हणून राहू देते. तू सख्खा भाऊ असूनही होळीपासून तुझ्याशी बोलले नाही, आणि मला बोलायचंही नव्हतं. उदगीरचे नळ कोरडेच आहेत. भांडी धुवायला टँकरच्या पाण्याची वाट बघते, बेकरी दिवसाआड उघडते. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते टीव्हीवर पाहिलं. तुझ्या समितीचा मात्र एकच घोष, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.

तुझ्या सभेत कस्तुराबाई उठली तेव्हा मी बायकांत बसले होते. जळकोटकडची ती म्हातारी एवढंच म्हणाली, “जिल्हा करा बाबा, पर आधी घागरभर पाणी द्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुझं तोंड उतरलं. एवढ्याचा राग धरून तू समितीच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडे केक मागितलास. त्यावर काय हवं होतं तुला? गाढवाच्या तोंडाची बाई, डोक्यावर घागर, लुगडं सुटलेलं, खाली कस्तुराबाईचं नाव. मी नाही म्हटल्यावर भर दुकानात ओरडलास, “गिऱ्हाईक सांगंल ते करायचं. तू कोण ठरवणारी?” मी म्हणाले, “माझ्या हातानं कुण्या बाईचं लुगडं सुटणार न्हाई.” तू कुत्सित हसलास, नांदेडहून केक करून आणलास, चौकात कापलास. त्याचा व्हिडिओ घरोघरी गेला. तेव्हापासून कस्तुराबाई टँकरवर येत नाही, तिची सून एकटीच घागरी वाहते. वर तू सांगत फिरलास, आमची अक्का विरोधकांना फितूर झाली.

फितूर? मग ऐक. काल तेच विरोधक बेकरीत आले होते. तुझ्या वाढदिवसाला चौकात कापायला त्यांना केक हवा आहे. तुझी उमा पाण्यापायी लेकरांना घेऊन माहेरी देगलूरला गेली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तरी त्यांच्या चित्रात ती परक्या माणसाच्या फटफटीवर मागं बसलेली, आणि खाली लिहायचं, ज्याला बायको सांभाळता येईना तो काय जिल्हा आणणार. त्यांचंही म्हणणं तुझंच, गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. मी त्यांना हाकलून दिलं.

आभार मानायला येऊ नकोस. तुझ्यासाठी केलं नाही. त्यांना नाही म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे तू नव्हतास, उमा होती. तू कस्तुराबाईच्या दारात जाऊन हात जोडेपर्यंत माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.

पण ते गप्प बसणार नाहीत, दुसरीकडून केक करून आणतील आणि व्हिडिओ देगलूरलाही पोचेल. तुझ्याशी तोंडानं बोलवत नाही, म्हणून हे लिहिलं. मोबाइलवर बघायच्या आधी उमाला तू स्वतः सांग. आजच गाडी धर, आणि वाढदिवसाला चौकात नको, तिच्याजवळ बस.

नाइलाजानं तुझीच,
गुरम्माक्का