माय, तुझं मन कच्चं नव्हतं

माझी माय,

आज औषधशास्त्राच्या तासाला शिकवता शिकवता मी मध्येच थांबले. मेंदूतल्या रिसेप्टरचा धडा होता. समोर पोरं वह्या उघडून बसलेली आणि मला दिसत होते तुझे थरथरणारे हात! घरी आले आणि लिहायला बसले. तुला जाऊन वर्षं लोटली, तरी हे सांगायचं तुलाच. दुसऱ्या कुणाला सांगू?

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. बाबांची बदली झाली म्हणून आपण नांदेड सोडलं, आणि पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात नळातून नुसती हवा यायची. टँकरचा भोंगा वाजला की तुझ्या छातीत धडधडायचं. पुढं पुढं तर भोंगा नसतानाही! डॉक्टरांनी गोळी दिली, ती तू रोज घ्यायला लागलीस. "लई हलकं वाटून राह्यलं गं," म्हणायचीस. रांगेतल्या बायकांची थट्टासुद्धा करायला लागली होतीस.

मग आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास, पावसाळ्यातले ते तीन महिन्यांचे व्रताचे दिवस, सुरू झाला. पंचशील म्हणताना तू पाचव्या शीलापाशी अडलीस. नशा करणार नाही म्हणायचं, आणि घरी येऊन गुंगीची गोळी खायची? "हे न्हाई जमायचं मला," म्हणालीस आणि पुडी चुलीत टाकलीस. अगं, डॉक्टरांना एकदा विचारायचं तरी!

पुढं तुझी झोप उडाली. हातातली कपबशी वाजायची, उजेड सोसवेना. बाबा म्हणाले, "जरा मन घट्ट कर." तू म्हणालीस, "माझं मनच कच्चं हाय." कापरं हळूहळू गेलं, ते वाक्य मात्र राहिलं. दर दसऱ्याला शेजारणी नागपूरला निघाल्या की तू पांढरी साडी ट्रंकेतून काढायचीस, हात फिरवायचीस आणि परत ठेवायचीस. "कच्च्या मनाच्या बाईनं एवढ्या गर्दीत जाऊ न्हाई." किती जायचं होतं तुला! मला का ते कळत नव्हतं?

आता ऐक. मेंदूचं स्वतःचं एक शांत करणारं रसायन असतं. ते पेशीवरच्या खोबणीत, म्हणजे रिसेप्टरवर, बसतं, आणि गोळी त्याला जोर देते. रोज कुणी हंडा डोक्यावर चढवून द्यायला लागलं की एकटीनं उचलायची सवय मोडते ना, तसंच त्या रिसेप्टरांचं होतं. म्हणून गोळी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. तू एका दिवसात तोडलीस, म्हणून हात कापले. यात मनाचा काय दोष? आणि दुखण्यावरचं औषध म्हणजे नशा नव्हे गं.

हे तुझ्यासमोर बसून सांगायला मिळालं असतं तर! "शिकली म्हून मायला शिकविती का?" म्हणून हसली असतीस. कपबशी वाजवणारा तुझा तो हात मला एकदा, एकदाच धरायचा आहे.

तुझी साडी अजून माझ्याकडे आहे. येत्या दसऱ्याला ती नेसून मी नागपूरला जाणार. पाचवं शील आलं की आवाज चढवून म्हणेन, तुझ्याही वाटचं. तू ते कधी मोडलंच नव्हतंस, माय.

तुझीच,
बेबी