कुमने दिलेली मेमरी

रविवार, ११ फेब्रुवारी
निश्चय. २५ तारखेला दुपारी बारा वाजता आपला कॉम्प्युटर घोड्यासारखा पळाला पाहिजे. त्या दिवशी तिजानाच्या मुलीचा बाप्तिस्मा, तिकडे नॉर्वेत. माझी पहिली नात. विमानप्रवासाला डॉक्टर परवानगी देणार नाहीत (अजून विचारलेलं नाही, पण देणार नाहीत), म्हणजे जे बघायचं ते स्क्रीनवरच.
आजच्या कॉलमध्ये तिजानाचं तोंड जे उघडं राहिलं ते सात मिनिटं मिटलंच नाही. बायको देसांका म्हणाली, राडिसावकडे जाऊन बघू या ना, त्याच्याकडे नवा लॅपटॉप आहे. मी बजावलं, शाळेत एकतीस वर्षं तंत्रशिक्षण शिकवलेला माणूस नातीचं तोंड दुसऱ्याच्या घरी बघणार नाही.
निदान: मेमरी कमी. चार जीबीत आजकाल काही होत नाही. तीन हिवाळ्यांपासून मशीन मंद आहे. याच तीन हिवाळ्यांत माझे गुडघे मात्र ठणठणीत, कारण टेबलाखाली मशीनची पाठ माझ्याकडे आहे आणि तिच्या पंख्याच्या जाळीत मी एक मफलर कोंबलाय. आमच्याकडे सगळी दुखणी वाऱ्याच्या झोतातून येतात; तो गुडघ्यांवर घेऊन म्हातारपण गाठलेला माणूस मी आमच्या चाचाक गावात अजून पाहिलेला नाही. मफलर राखाडी, लोकरी. आमच्या घराण्याच्या संताचा सण असतो, त्या दिवशी जेवायला आलेलं कुणीतरी विसरून गेलं होतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
राडिसावला फोन केला. तो माझा कुम. लग्नात माझ्या बाजूला उभा होता, तिजानाचा बाप्तिस्माही त्याच्याच हातावर. आता त्याचा मुलगा उरोश नॉर्वेला जाऊन नातीला हातावर घेणार. रीतीप्रमाणे नावही तोच ठेवणार, आणि ते देवळात उच्चारेपर्यंत कुणाला कळायचं नाही.
मी मेमरीचं नुसतं बोललो, तर म्हणाला, विकत कशाला घेतोस, माझ्या गॅरेजमधल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तुझ्याच जातीची आहे. कुम म्हणजे कुम.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
राडिसाव मेमरी घेऊन आला. कॉफीच्या डब्यात, कागदी रुमालात गुंडाळून. चार जीबी. प्लमच्या दारूचे, राकियाचे, दोन दोन पेले झाले. खोकत होता. एवढ्या थंडीत गळा उघडा! सांगून ऐकत नाही. मी बसवून देऊ का, म्हणाला. मी म्हटलं, तू पोस्टातला माणूस, तू पत्रं वाट. हसला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी, सकाळी १०
ऑपरेशन. खिडक्या बंद, दार बंद. मफलर काढला, झाकण उघडलं, मेमरी बसवली. बटण दाबलं. तीन लांब शिट्ट्या. चित्र नाही.
१०:४० अजून शिट्ट्या. हात पुसत देसांका आली आणि विचारलं, नीट दाबलीस का? मी म्हटलं, हे कोबीच्या पानांतल्या सारमाचं पातेलं नव्हे. तिने अंगठ्याने दाबली. टक्. चालू. अर्थात मी आधीच बरीचशी बसवली होती म्हणून.
११:२० आठ जीबी! तिजानाला कॉल लावला. तिने पापणी मिटली ती मला मिटताना दिसली. बाळाने जांभई दिली, अख्खी. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती.
११:४५ जाळी उघडी आहे या विचारानेच गुडघे ठणकायला लागले. मफलर जागेवर.
१२:१५ मशीन पुन्हा मंद.

रविवार, १८ फेब्रुवारी
आज तिजाना अर्धीच आली. कपाळापासून नाकापर्यंत. मग थांबली.
रात्रभर विचार केला होता. मेमरी तासभर पळाली आणि दमली. म्हणजे वापरून चोथा झालेला माल. चांगला राडिसावने स्वतःकडे ठेवला असणार. अडतीस वर्षांची मैत्री, आणि मला गॅरेजमधला कचरा.
त्याला खानावळीत गाठलं आणि चारचौघांत सुनावलं. तो म्हणाला, कुमा, हे तू बोलतोयस का राकिया? मी म्हटलं, मी. त्याने पेला खाली ठेवला, टोपी घातली, उघड्या गळ्याने बर्फात निघून गेला. ज्याचं मन साफ असतं तो भांडतो. हा नुसता गेला. बघा म्हणजे झालं.

बुधवार, २१ फेब्रुवारी
देसांका तीन दिवस माझ्याशी मोजून बोलते आहे. भावाशी भांडलास तरी चालेल, म्हणते, कुमशी नाही. जाऊन माफी माग. मी? फसवलं मला आणि माफीही मीच मागू? बायकोसुद्धा त्याच्याच बाजूला गेली.
मशीनच्या पुढच्या भागातही एक जाळी सापडली. म्हणजे वारा इकडून शिरून तिकडून निघतो, सरळ झोतच! तिच्यात दोन लोकरी मोजे कोंबले.

शनिवार, २४ फेब्रुवारी
आता दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं. बंद पडलं तरी झाकण इतकं गरम की देसांकाने उद्याच्या केकचं पीठ फुगायला त्याच्यावर ठेवलं. छान फुगलं. चांगलं लक्षण आहे. मशीन मेहनत घेतंय. उद्यासाठी तयार होतंय.

रविवार, २५ फेब्रुवारी, सकाळी ११
देसांकाने निळा ड्रेस घातला. केक घेतला. राडिसावकडे निघाली. दारात कोट घालून उभी राहिली आणि म्हणाली, चल विदोये, एवढ्या एका दिवसापुरतं चल. मी म्हटलं, दार लाव, वारा येतोय.
लावलं.
१२:०४ देऊळ दिसतंय! तिजाना दिसतेय. हातात पांढरं गाठोडं.
१२:०६ चित्र थांबलं. नेमका पाद्र्याचा कोपर बाळाच्या तोंडासमोर.
१२:०९ काळं.
२:०० अजून समोरच बसलोय. बटण दाबून बोट दुखतंय. मेमरीने दगा दिला, कुमने दिला, बायकोने दिला. नाव काय ठेवलं तेही मला माहीत नाही. रडलो. बघायला घरात कुणी नव्हतं.

सोमवार, २६ फेब्रुवारी
राडिसाव आला. बशीत केक. पेनड्राइव्हवर त्याच्याकडच्या कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग. मी म्हटलं, तुझ्या मेमरीवर नाही चालायचं ते. तो टेबलाखाली वाकला. बराच वेळ वाकून होता. आधी मोजे बाहेर आले. मग मफलर.
त्याने तो उलगडला. कोपऱ्यात त्याच्या बायकोने विणलेलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. मला काय ठाऊक, मी कधी उलगडून बघितलाच नव्हता. झटकला, गळ्याभोवती गुंडाळला आणि म्हणाला, कुमा, तीन हिवाळे मी खोकतोय.
एकदा विचारायचं ना त्याने, असं मनात आलं. बोललो नाही.
रेकॉर्डिंग लावलं. एकदाही अडकलं नाही. तिजाना कॅमेऱ्यात बघून विचारते, बाबा कुठे आहेत? मग राडिसावचाच आवाज येतो: अगं, झोत लागलाय त्याला, पडून आहे, तुला आशीर्वाद सांगितलाय. मग पाद्री नाव विचारतो आणि उरोश म्हणतो, विदा.
माझ्या विदोयेवरून विदा. मी राडिसावकडे बघितलं. तो म्हणाला, नाव मी पोराला जानेवारीतच सांगून ठेवलं होतं. खानावळीनंतर बदलणार होतो. मग राहून गेलं.
केक खाऊन तो गेला. मी माफी मागितली का? मागणारच होतो. त्याने दार इतक्या पटकन ओढलं.

संध्याकाळी ६
नवव्यांदा बघतोय. विदा डोळे मिचकावते. जांभई देते. एकही झटका नाही.
जाळी उघडीच आहे. वारा सरळ गुडघ्यांवर येतोय.
कोमट आहे.